पिंगलाक्षीची सात अंडी

एका राज्यात वसंत आला की लोक धास्तावत. आंब्यावर मोहोर दाटे, वारा गोड होई आणि रानातून कुहू ऐकू आली की आया धावत जाऊन पोरांचे कान झाकत. कारण राज्याच्या सीमेवर, काळ्या कड्यावर, पिंगलाक्षी नावाची चेटकीण राहत होती. तिला लेकरं होत, पण लेकरांचं करणं तिला नको होतं. दुखणी, जागरणं, हट्ट, रडारड, सगळं तिनं दुसऱ्यांच्या आयांवर सोपवलं होतं.

ती आपलं मूल परक्या घरात कसं घुसवी, ते ऐका. त्या राज्यात बारशाला बाळ पाळण्याखालून द्यायची आणि वरून घ्यायची चाल होती. बायका नटूनथटून येत, गाणी म्हणत, आणि नजरा एकमेकींच्या पैठण्यांवर खिळलेल्या. पाळण्याखालच्या हातांकडे पाहतं कोण? पिंगलाक्षी पाहुणी होऊन बसे, घरचं बाळ खाली घेई आणि आपलं वर देई. झालं काम! इतक्या शहाण्यासुरत्या बायका, पण दर बारशाला हीच चूक करीत.

घरच्या बाळाचं ती दगडी अंडं करी. सोळा वर्षं उलटली की चैत्रात तीन हाका मारी. पहिल्या हाकेला पोसलेल्या मुलाच्या अंगावर ठिपके उठत, दुसरीला पिसं फुटत, तिसरीला ते पक्षी होऊन तिच्याकडे उडून जाई. म्हणून राजा धैर्यसेनानं कायदा केला होता. ठिपके दिसले की त्या मुलाला दुसऱ्या हाकेआधी वेशीबाहेर काढायचं. सहा घरांनी सहा मुलं अशी काढली होती. राजाला वाटे, आपण फार न्यायानं वागलो.

मग एका सकाळी राजकन्या शलाका वेणी घालत बसली असताना पहिली हाक आली, आणि तिच्या दोन्ही हातांवर ठिपके उठले.

राजानं मान खाली घातली. "कायदा मीच केला आहे."

"केला आपणच, मोडायचाही आपणच," राणी हेमकला म्हणाली.

"प्रजा काय म्हणेल?"

"प्रजेनं हिला न्हाऊमाखू घातलेलं नाही. मी घातलंय."

शलाका उठली. अर्धी वेणी तशीच सोडून ती दाराकडे वळली. "मला कुणी काढू नका. मी जाते. त्या बाईकडे राहायला नाही. माझ्या जागी जी निजायची होती, तिला आणायला."

राजवाड्याच्या तटावर धूमा नावाची म्हातारी कावळी बसत असे. ती खाली उतरली आणि माणसासारखं बोलली. "वाट मी दाखवते. सात वेळा कोकिळेची पिल्लं वाढवली आहेत मी."

"तुला कळलं नव्हतं?" शलाकेनं विचारलं.

"अंड्यापासून कळलं होतं. पण पिल्लू चोच उघडून पुढ्यात बसलं की घास घालायचा, की त्याचं गोत्र विचारत बसायचं?" धूमा करवादली. "लोक मला हाकलतात आणि कोकिळेच्या गळ्याचं कौतुक करतात. करू देत."

वाटेत दुसरी हाक आली. शलाकेच्या ठिपक्याठिपक्यातून पीस फुटलं. ती क्षणभर खाली बसली, रडली, डोळे पुसले आणि पुन्हा चालू लागली.

काळ्या कड्यावर आंब्याचं एक झाड होतं. त्याच्या फांद्यांवर सहा ठिपकेदार पक्षी गप्प बसले होते. ती वेशीबाहेर काढलेली सहा मुलं. झाडाखाली सात काळी अंडी, आणि अंड्यांपाशी पिंगलाक्षी, लाल डोळ्यांची.

"आलीस, लेकी," ती म्हणाली.

"लेक म्हणू नकोस. राणीचं बाळ दे."

"तीन कामं कर आणि ने. पहिलं काम. या सातांतलं राणीचं ओळख."

शलाकेनं पाहिलं. सातही सारखी. "ओळखू येत नाही. ओळखायचंही नाही. सातही घेते."

"एक मागायला आली होतीस!"

"आले होते. आता सात दिसली. तुला मुलं मोजून टाकता येत असतील, मला येत नाहीत."

पिंगलाक्षीनं पाय आपटला. ती फणकारली. "दुसरं काम. तीन दिवसांत ही उबव. आपल्या कुळात आजवर कुणी अंडं उबवलेलं नाही."

दगड बर्फासारखे गार होते. शलाकेनं पदर गुंडाळला, श्वासानं फुंकलं, काही होईना. मग तिनं हातांवरची पिसं उपटायला सुरुवात केली. एकेक पीस रक्त घेऊन निघे. पिंगलाक्षी ओरडली, "वेडे, ही नसतील तर उडशील कशी?"

"उडायचंय कुणाला?"

पिसांचं घरटं झालं. धूमा शेजारी येऊन बसली. "पोटाशी घे. भूक लागली तरी उठू नकोस. एवढीच ही विद्या आहे, पोरी."

शलाका उठली नाही. तिसऱ्या दिवशी भर दुपारी सातही अंडी तडकली आणि आतून सात बाळं निघाली, बारा दिवसांची, जशी नेली होती तशीच. सातही एकदम रडू लागली. एकीच्या दंडावर राजघराण्याचा काळा दोरा होता. ती राणीची.

तेवढ्यात राणी हेमकला कडा चढून वर आली. ती शलाकेच्या मागावर तीन दिवस अनवाणी चालली होती.

पिंगलाक्षी हसली. "तिसरं काम तुझं, राणी. घरटं एकाचंच असतं. निवड. एक तुझी, दुसरी माझी. रक्ताची ने, नाहीतर पोसलेली ने."

तान्ही हात हलवत होती, आणि इतकी गोड होती की तिच्या जागी आपण असतो तर आपणही तिलाच उचललं असतं, असं शलाकेला वाटलं. तिनं मान फिरवली.

राणीनं तान्ही उचलली. मग शलाकेचे रक्ताळलेले हात पाहिले आणि तिला कुशीत ओढलं. "दोन्ही माझ्या."

"नियम एकीचा आहे!"

"तुझा नियम तुझ्या घरी. सोळा वर्षं मी हिच्यासाठी जागले, तेव्हा कुठं होतीस गं तू? आज ओरडून ही तुझी होत नाही."

पिंगलाक्षीनं कड्याच्या टोकावर जाऊन तिसरी हाक मारली. कडा हादरला. शलाका जागची हलली नाही. ती हाक घर तुटलेल्यांनाच लागत असे, आणि आजवर प्रत्येक घरानं आपलं मूल आपल्याच हातानं तोडून दिलं होतं. चेटकिणीचं सगळं बळ लोकांच्या त्या भित्रेपणात होतं, तिच्यात नव्हतंच. हाक रिकामी परतली, पिंगलाक्षी आकसत मूठभर पाखरू झाली आणि धूमानं तिला पार क्षितिजापर्यंत पिटाळलं.

फांदीवरचे सहा पक्षी माणसं होऊन खाली उतरले. कावळ्यांनी सहा घरी निरोप नेला. चार आया धावत आल्या, आपापलं तान्हं ओळखून उचललं आणि थोरल्याचा हात धरला. दोघी उशिरा आल्या आणि लांबच उभ्या राहिल्या. त्यांतल्या एका मुलानं आईला पाहून पाठ फिरवली, आणि बरंच केलं असं मी म्हणेन. शेवटी त्या आईनं आपलं तान्हं बाळ आधी त्याच्या हातात दिलं, तेव्हा तो तिच्याबरोबर निघाला.

राणी दोघींना घेऊन राजधानीला पोचली. वेशीत राजा धैर्यसेन उभा होता, मागे सगळी प्रजा. त्यानं दोघींकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "यांतली आपली कोणती?"

"ही थोरली, ही धाकटी," राणी म्हणाली. "दोघी उपाशी आहेत. वाट सोडा."

राजानं वाट सोडली, आणि त्याच पावली कायदाही सोडला. त्या राज्यात पुढं वसंत आला की आया मुलांचे कान झाकायच्या थांबल्या. गोष्ट इथं थांबली. ऐकणाऱ्यांनी आता आपापल्या घरी जेवायला जावं.