संकष्टीच्या दिवशी ईस्टरचा अर्ज

वसईकडच्या एका गावात रेमेतबाई तुस्कान राहायच्या. ईस्टरच्या मिरवणुकीचा परवाना दरवर्षी त्याच आणत. यंदा मात्र नवे मामलेदार टिपणीस आडवे आले.

"मागच्या वर्षी एप्रिल, यंदा मार्च. हा सण आहे की मनाला येईल तेव्हा टपकणारा पाहुणा? एक कायमची तारीख लिहून द्या, नाहीतर मिरवणूक बंद."

"साहेब, एकवीस मार्चपासून पुढची पहिली पौर्णिमा धरायची. तिच्यानंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. पौर्णिमा सरकते, म्हणून सणही सरकतो."

"सरकारी काम चंद्रावर चालत नाही, बाई."

रेमेतबाईंनी अर्ज टेबलावरून उचलला नाही. गावानं बँडसुद्धा ठरवला होता. आता रिकाम्या हातानं परत कसं जायचं?

तेवढ्यात शिपायानं चहा आणला. टिपणिसांनी कप दूर सारला. "आज संकष्टी. चंद्र दिसल्याशिवाय मी काही घेत नाही."

रेमेतबाईंनी हळूच विचारलं, "किती वाजता उगवतो आज?"

"नऊ पस्तीसला."

"आणि मागच्या संकष्टीला?"

"नऊ पन्नासला. दर खेपेला वेळ वेगळी असते."

"मग पोटाचे एवढे हाल कशाला, साहेब? दर संकष्टीला सातच्या ठोक्याला उगवायचं, असा चंद्राला हुकूम काढा. तो तुमचं ऐकायला लागला, की त्याच दिवशी आमची कायमची तारीख आणून देते."

कारकुनांनी फायलींत तोंडं लपवली. टिपणीस आधी लाल झाले, मग खो खो हसत सुटले. त्यांनी अर्ज ओढला आणि 'कायमची तारीख' या रकान्यात लिहिलं, 'चंद्रास विचारावे.' खाली झोकात सही केली.