गैरहजर कोण?

टेक्ससमधल्या एका लहान गावात लेकीशेजारी स्वतःच्या घरात राहणाऱ्या कुमुदिनीबाई उपासनींना नगरपालिकेच्या कोर्टाची नोटीस आली. गुन्हा काय, तर अंगणातलं गवत गुडघाभर वाढलं! सत्तरीच्या बाई गुडघे धरत तारखेला हजर झाल्या. खिडकीतल्या कारकुनाने 'उपासनी' शोधलं, काही मिळालं नाही, आणि त्यांना घरी पाठवलं. नवऱ्याचं नाव आडनाव समजून कोणीतरी खटल्याचा कागद 'वामन' नावाखाली लावून टाकला होता.

महिन्याभराने थेट वॉरंट आलं. कारण, तारखेला गैरहजर.

बाई पुन्हा गुडघे धरत कोर्टात गेल्या आणि घडलं ते सांगू लागल्या. न्यायाधीश गुरगुरले, "इथे तोंडी काही चालत नाही. आमचं रेकॉर्ड म्हणेल तेच खरं."

"मग रेकॉर्डच दाखवते," म्हणत बाईंनी पर्समधून चिठ्ठी काढली. तहसील कचेरीत तीस वर्षं काढलेली बाई शिक्क्याशिवाय खिडकी सोडत नसते. तारीख तीच, शिक्का याच कोर्टाचा, आणि खाली कारकुनाचं अक्षर: 'उपासनी समक्ष आल्या. रेकॉर्ड सापडले नाही.'

न्यायाधीशांनी चिठ्ठी दोनदा वाचली.

"मी हजर होते, साहेब," बाई थकल्या आवाजात म्हणाल्या. "गैरहजर तुमचं रेकॉर्ड होतं. वॉरंट त्याच्या नावाने काढा."