सातव्या ओवीची जागा

आमच्या धामणवेढ्याच्या ख्रिस्ती देवळापुढे बाभळीखाली हा बसका काळा दगड आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासना चालू असताना आमचे पाळक बाहेर येतात, डाव्या पायातला बूट काढतात आणि यावर बसतात. एकच बूट. पाहुणे हसतात. हसू द्यावं. गोष्ट हसण्यासारखीच आहे.

फार पूर्वी इथे देऊळ नव्हतं, नुसती पायवाट होती. शांतवनराव आढाव नावाचे पाळक या वाटेने जात. त्यांच्याकडे सात गावं होती आणि एक तट्टू होतं. माणूस देवभोळा, गोड बोलणारा. पण बसलेला कुणी पाहिला नाही, असं सांगतात. लोक त्यांना पाठीमागे 'उभे पाळक' म्हणत.

दगडाशेजारी गहिनाबाईचं खोपट होतं. एकटी म्हातारी, नजर अधू झालेली, लोकांचं दळण दळून पोट भरायची. तिने जात्यावर येशूच्या सात ओव्या रचल्या होत्या. लिहिता येत नव्हतं आणि वयाने आठवण निसटत चालली होती. कुणीतरी त्या ऐकून ठेवाव्यात, एवढीच तिच्या जिवाला आस होती. पाळकांच्या येण्याच्या दिवशी ती दगड धुऊन घोंगडी अंथरायची, पाण्याचा तांब्या भरून ठेवायची आणि तट्टाच्या टापा ऐकल्या की म्हणायची, "बसा की बाबा थोडं."

"पुढच्या खेपेला नक्की, आजी," असं पाळक म्हणत आणि जात. अशी दोन वर्षं गेली म्हणे.

एके दिवशी वरच्या गावी देवळाची पायाभरणी होती. मिशनचे साहेब यायचे होते, वाजंत्री सांगितली होती. पाळक घाईत निघाले. इथे चढ आहे म्हणून उतरून, तट्टू हाती धरून चालत होते. तेवढ्यात बाभळीचा काटा बुटाचा तळ फोडून डाव्या पायात गेला. लगाम सुटला. पाळक लंगडत या दगडावर टेकले आणि बूट काढला.

गहिनाबाई दारातून भिंत चाचपत बाहेर आली. काट्याचं तिला काय दिसणार?

"बसलात, बाबा?" ती म्हणाली. "खरंच बसलात?"

काटा मोडला म्हणून टेकलो, हे शब्द पाळकांच्या ओठावर आले होते. मग त्यांनी बुडाखालची घोंगडी पाहिली. तांब्या पाहिला, वर झाकण, झाकणावर गुळाचा खडा.

"बसलो, आजी," ते म्हणाले.

पण नुसतं बसून भागेना. जातं फिरल्याशिवाय तिला ओवी येईना, आणि एकटीच्याने फार वेळ दळणं आताशा होत नव्हतं. मग पाळकांनी एका बुटानिशी आत जाऊन जात्याचा खुंटा धरला. पुरुषाने दळायची रीत नव्हती. त्यांना जमतही नव्हतं. "हळू, बाबा. पीठ करायचंय, धूळ नाही," असं ती म्हणाली म्हणतात. मग गाऊ लागली.

पहिली माझी ओवी, येशू पाहुणा आला दारी
पीठ सांडलं भुईवरी, कशी वाढू मी न्याहारी

इकडे तट्टू वाट ओळखीची म्हणून एकटंच वर पोहोचलं. वाजंत्री सुरू झाली, घाईघाईत कुणीतरी हारही त्याच्याच गळ्यात घातला. मग लोक घाबरले आणि साहेबांसकट शोधायला खाली धावले. पाहतात तो पाळक दाढीपर्यंत पिठाने पांढरे, मुकाट दळताहेत. साहेब उंबऱ्यावर बसले. मग सगळेच बसले.

सहा ओव्या झाल्या आणि जातं थांबलं. गहिनाबाई बराच वेळ ओठ हलवत राहिली.

"सातवी होती, बाबा," ती म्हणाली. "नाताळापर्यंत होती."

नाताळाला ते याच वाटेने गेले होते. पाळकांना मान वर करवेना. म्हातारीनेच त्यांचा हात चाचपून धरला. "तिची जागा मोकळी ठेवा. आठवली की म्हणू."

त्यानंतर शांतवनराव प्रत्येक खेपेला थांबत. काट्याची आठवण राहावी म्हणून डावा बूट काढून बसत. सातवी आठवली का, असं विचारत. ती नाही म्हणायची, मग शेळीचं सांगायची, गुडघ्याचं सांगायची. ती गेल्यावर तिच्या खोपटाच्या जागी हे देऊळ उभं राहिलं. जातं आत आहे, पाहून घ्या.

आजही आम्ही सहा ओव्या गातो आणि गप्प होतो. पाळक इथे येऊन बसतात. सातवीच्या जागी ज्याला बोलायचं त्याने बोलावं, विशेषतः ज्याला एरवी कुणी विचारत नाही त्याने. गेल्या महिन्यात गुरं राखणारा अब्शाई आपल्या हरवलेल्या म्हशीबद्दल पाऊण तास बोलला. पाळक शेवटपर्यंत हलले नाहीत. म्हैस त्याआधीच घरी आली होती, हे त्याने सगळ्यात शेवटी सांगितलं.

सातवी ओवी अजून कुणाला आठवलेली नाही. आम्ही फारशी शोधतही नाही. सापडली तर पाळकांना बूट घालावा लागेल.