धूरटेकडी

जुने नकाशे घेऊन आलात, तर आधी ती टेकडी पाहा. भोवती सगळा साग, माथा मात्र बोडका, आणि भर दुपारी तिथून धूर निघतोय. मोहफुलं वेचायला आमचं सारं हिरगुडा गाव जंगलात गेलं, की एक माणूस मागे राहून तिथे ओला पाला जाळतं. का, ते मी सैनू पुंगाटी, या गावचा पुजारी, सांगतो.

तुमच्या सगळ्यात जुन्या नकाशात गावाच्या नावापुढे लिहिलंय, ‘ओसाड’. राणीच्या राज्यात मोजणीवाले आले, तेव्हा म्हणे मोहाचेच दिवस होते. घरोघरी कवाड लावलेलं, चुली थंड. साहेबाने हाका मारल्या, कोणी ओ दिली नाही. त्याने लिहून टाकलं.

दुसऱ्या नकाशात तर नावही नाही. नुसत्या रेघा आणि सागवनाच्या तुकड्यांना नंबर. त्या रेघा पडण्याआधी लाकूड कंपनीची माणसं गाव उठवायला आली. जुरी नावाच्या विधवेने आपलं लेकरू साहेबापुढे उभं केलं.

“हे इथंच जन्मलं. ह्याचा बाप इथंच पुरलाय. लिहा.”

“बाई, कागदावर हे गाव ओसाड आहे.”

“मग तुम्ही बोलताय कोणाशी?”

साहेबाने हत्ती लावून घरं पाडली.

लोक पांगले. जुरी लेकराला घेऊन टेकडीवर चढली आणि म्हणाली, “आता या गावाची चूल कोणाला थंड दिसणार नाही.” कंपनीवाले विस्तव विझवत, ती पुन्हा पेटवी. तो धूर पावसातही मोडत नसे, असं सांगतात. तो पाहून एकेक घर परतलं. शेवटचं छप्पर शाकारलेलं पाहून जुरीने विस्तवापाशीच डोळे मिटले.

कंपनीला साग तोडायला माणसं हवीच होती. कंपनीने राहू दिलं, पण मजूर म्हणून; गाव म्हणून नाही. तुमचा तिसरा नकाशा बघा, ‘मजुरांच्या झोपड्या’. आम्ही अर्ज करून थकलो. जुना नकाशा बघून नवा काढतात आणि आम्हालाच विचारतात, पुरावा काय?

आजही धुराची पाळी कोणी चुकवत नाही. यंदा माझ्या सुनेची आहे. ऐन हंगामात मोह बुडतो, म्हणून सकाळी भांडी आपटत, चरफडत निघाली. पण गेली.