भिवरा सुतारणीची दारं

फार वर्षं झाली. किती ते विचारू नका, मोजणारी माणसं केव्हाच गेली. सावरमाळ गावात उंदीर पडायला लागले आणि मागोमाग माणसांच्या काखेत गाठी यायला लागल्या. तेव्हा सारं गाव घरांना कुलपं घालून माळावर राहायला गेलं. तुराट्यांच्या झोपड्या, वर गवत आणि दाराच्या जागी गोणपाट.

त्या गावात भिवरा नावाची सुतारीण होती. नवरा त्याच साथीत गेला होता. मागे राहिली होती त्याची हत्यारं आणि ठकू नावाची चौदा वर्षांची मुलगी. माळावर चौथ्या रात्री कोणीतरी गोणपाट सारून त्यांच्या झोपडीत शिरलं. ठकू किंचाळली, भिवरा हातोडी घेऊन उठली, तो पळाला. कोण होता ते कळलं नाही. खरं तर पुष्कळांना कळलं होतं, पण अशा वेळी गावाला नेमकं काही आठवत नाही. त्या दिवसापासून ठकू झोपेना. गोणपाटाकडे तोंड करून बसून राहायची. आणखी चार झोपड्यांत तोच प्रकार झाल्याचं हळूहळू बायका-बायकांत कळलं.

भिवरा पाटलांकडे गेली. साथीसाठी गावानं वर्गणी काढली होती. धान्य, लाकूड, पैसा, सगळं पाटलांच्या ताब्यात होतं. ती म्हणाली, "पाटील, दारांपुरतं लाकूड द्या. दारं मी करते. मजुरी नको."

पाटील म्हणाले, "भिवरे, माणसं मरायला लागल्यात आन् तुला दारं सुचत्यात? आधी जीव जगू दे, मग बघू."

आठ दिवसांनी ती परत गेली, तोवर वर्गणीतून, साथ वेशीबाहेर घालवायला, मरीआईचा गाडा निघाला होता. तिसऱ्यांदा गेली, तोवर वर्गणीतून बारा राखणदार ठेवले होते. कशाला? गावातल्या रिकाम्या घरांवर पहारा करायला. नीट ऐका. जिथे माणूस नाही त्या घरांना दार, कुलूप आणि वर पहारेकरी, आणि पोरीबाळी निजत होत्या तिथे गोणपाट. हे ठरवणारी माणसं शहाणी म्हणून पंच झालेली होती. ही गोष्ट सांगताना दर वेळी इथे आलो की माझं डोकं तापतं.

भिवरा म्हणाली, "माझी पोर झोपत न्हाई, पाटील. तुमची भांडी तेवढी निवांत झोपल्यात."

आणि ती उठून गेली. राखणदारसुद्धा भीतीनं ज्याच्या वेशीबाहेर बसून पहारा करत होते, त्या गावात ती पटाशी घेऊन शिरली. असं म्हणतात, मेलेले उंदीर तिच्या वाटेतून बाजूला सरकले. असं म्हणतात, पाटलांच्या घराचं सागवानी दार तिनं एका ठोक्यात खाली आणलं. आणि असंही म्हणतात, की दिवस मावळायच्या आत गावातली एकेचाळीस दारं निघाली आणि तिच्या मागोमाग माळावर चालत आली.

आता दारं चालत नाहीत, हे तुम्हालाही कळतं. माझी पणजी सांगायची, की भिवराच्या मागून साठ बायका गावात गेल्या होत्या आणि दोघी-तिघींनी मिळून, दोन-दोन खेपा करत, एकेक दार डोक्यावर वाहून आणलं. पाटलांच्या दाराला सहा जणी लागल्या. पण दारं चालली हे आमच्याकडच्या पुरुषांना पटतं, बायका चालल्या हे पटत नाही. म्हणून गोष्टीत दारंच चालतात. असो.

पाटलांचं दार भिवरानं मेढी रोवून आपल्याच झोपडीला लावलं. आतून कडी घातली. ठकूनं उठून ती दोनदा ओढून पाहिली आणि आडवी झाली. असं म्हणतात, ती तीन दिवस झोपली आणि ते तीन दिवस माळावर कोणी मोठ्यानं बोललं नाही.

पाटील ओरडत आले, त्यांचं घर उघडं पडलं होतं. भिवरा हळू आवाजात म्हणाली, "लाकूड आना, दार न्या."

पुढे भिवरा कधी गेली, कशानं गेली, कोणाला ठाऊक नाही. पण सावरमाळात पूर येवो, दुष्काळ येवो, मदतीची वर्गणी सुरू होण्याआधी गावच्या कारभाऱ्याच्या घराचं दार काढून चावडीत आडवं ठेवतात. जमेल ते त्या दारावर ठेवायचं. त्यातून पहिला वाटा बायकांचा. त्यांच्या निवाऱ्याला कड्या, उजेड, राखणीला दोन जणी, जे लागेल ते. तो वाटा निघाल्याशिवाय दार परत जात नाही. भिवराचं दार म्हणतात त्याला.

इतकं सोपं आहे. तरी दर वेळी कोणीतरी म्हणतंच, आधी तांदूळ बघू, ते नंतर. मागच्या पुरात आमचे सरपंचच म्हणाले. त्यांचं घर एकोणीस दिवस उघडं राहिलं. विसाव्या दिवशी त्यांची बायको शकुंतलावहिनी चावडीत आली. डोळे लाल झालेले. "मला झोप न्हाई," एवढंच ती नवऱ्याला म्हणाली. त्याच दुपारी वाटा निघाला. घरात पाणी शिरल्यानं शाळेत निजणाऱ्या पन्नास बायका पहिल्या दिवसापासून सरपंचांना हेच सांगत होत्या.