घड्याळजीचं टेबल

“तेवढं एकच सांगा, बुवा. हे अण्णांचं टेबल आहे की नाही?”

गिरीबुवा सुपात तूर निवडत बसले होते. खडा दिसला की चिमटीत धरून डोळ्यांजवळ न्यायचा, नीट बघायचा, मग टाकायचा. जुनी सवय होती. बुवा होण्याआधी या माणसानं उभी हयात घड्याळं दुरुस्त केली होती.

“आधी गाडीतनं खाली तर घे,” ते म्हणाले.

दोन हमालांनी टेम्पोतून टेबल उतरवून मठीच्या ओट्यावर ठेवलं. हेमंत दळवेनं गोधड्या स्वतःच्या हातानं सोडल्या. टेबल असं चमकत होतं की वरच्या निंबाच्या फांद्या त्यात दिसत होत्या. पॉलिश छान होतं, खोटं कशाला बोला.

बुवांनी एकदा बघितलं आणि पुन्हा सुपात मान घातली.

हेमंत पुण्यात जुन्या फर्निचरचा धंदा करतो. घरातलं नव्हे, कामाच्या जागांवरचं. बँकांची काउंटरं, कचेऱ्यांतल्या खुर्च्या, पोस्टातली खणाखणांची कपाटं. लाकडाला नुसता हात लावला की त्याला त्याचं वय कळतं असं लोक म्हणतात. तोही म्हणतो. लोकांपेक्षा जरा जास्तच वेळा म्हणतो.

“अस्सल बर्मा साग,” तो म्हणाला. “खणाचे सांधे बघा, हातानं कापलेत. लोखंडी खिळा एकही नाही. मूठ ओतीव पितळेची. सत्तर वर्षांच्या आतलं नाही हे. कडेला उभी पट्टी आहे ना, ती बारीक स्क्रू घरंगळून खाली पडू नयेत म्हणून. म्हणजे घड्याळजीचंच. आणि आपल्याच दुकानातलं. घरमालकानं दुकान मोकळं केलं तेव्हा भंगारवाल्यानं उचललं, त्याच्याकडून मी सोडवलं.”

“बाकीची दोन?”

“ती फोडली त्यानं. फळ्यांचं कुणीतरी न्हाणीला दार केलं म्हणे.”

बुवांनी एक खडा टाकला.

“म्हंजे तिघांतलं एक ऱ्हायलं.”

“हो. तुमचं, कादरचाचांचं, नाहीतर अण्णांचं.”

“मग लाकडाला इचार की. तुला बोलतंय म्हणत्यात.”

लाकूड हेमंतला सगळं सांगून बसलं होतं. पण चौकातल्या त्या दुकानातली तिन्ही टेबलं एकाच सुतारानं, एकाच ओंडक्यातून केली होती. सांधे तेच, मुठी त्याच, वय तेच. हेमंतची विद्या दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत येत होती आणि तिथंच थांबत होती. आत कोण कुठं बसत होतं हे तिला माहीत नव्हतं. ते माहीत असलेला एकच माणूस आता जिवंत होता, आणि तो तूर निवडत होता.

इथं थोडं मागं जायला हवं.

हेमंतचे वडील रंगनाथ दळवे, म्हणजे अण्णा, त्या दुकानात दाराशी बसत. मध्ये कादर, आणि आत भिंतीला टेकून गिरीबुवा. तेव्हा ते बुवा नव्हते, नुसते गिरी होते. हेमंत विशीत असताना बापाच्या टेबलावर काम शिकत होता. हात चांगला होता. नजर त्याहून चांगली होती, आणि तिनंच घात केला.

दुरुस्तीला टाकलेलं एक भिंतीवरचं घड्याळ कित्येक वर्षं कुणी न्यायला आलं नव्हतं. रंगनाथ दर आठवड्याला त्याला चावी देत आणि पुन्हा खुंटीला लावत. ते घड्याळ साधं नाही हे हेमंतनं ओळखलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं एखादी जुनी वस्तू ओळखली होती. अण्णा जेवायला गेलेले बघून त्यानं ती पुण्याच्या एका व्यापाऱ्याला विकून टाकली.

महिन्याभरानं घड्याळाचा मालक आला. लष्करातून सुटून आला होता. घड्याळ त्याच्या आईचं होतं.

रंगनाथांनी मालकासमोर, कादरसमोर, गिरीसमोर पोराचा दंड धरला आणि त्याला टेबलावरून उठवलं.

“हितं परत बसायचं न्हाई,” एवढंच म्हणाले.

तो उठला तो थेट पुण्याला गेला. त्याच व्यापाऱ्याकडे कामाला लागला आणि पुढं त्याच्याहून मोठा झाला. अण्णांनी बोलावलं नाही, हा गेला नाही. दोघंही दळवेच.

गेल्या मार्गशीर्षात अण्णा वारले. धाकट्या भावानं फोन केला. घरातलं माणूस गेल्याचं कळलं की माणूस असेल तिथं डोक्यावरून पाणी घेतो. कितीही भांडण असो, घेतो. हेमंत फोनवर म्हणाला, “मी येणार नाही. आणि त्यांच्या नावानं अंघोळसुद्धा करणार नाही.”

आणि नाही केली. दुकान उघडून बसला.

त्या दिवसापासून त्याचं काहीतरी बिनसलं. धंदा चालला होता, जेवण जात होतं, पण मध्येच हात थांबायचा आणि कशाला थांबला ते त्याला कळायचं नाही. भावानं बोलणं टाकलं. अण्णांची एकही वस्तू त्याच्याकडे नव्हती, साधा फोटोसुद्धा नव्हता.

“पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे,” तो बुवांना म्हणाला. “घरात मला कुणी घेणार नाही. निदान हे समोर ठेवून बसेन म्हणतो. मला बसायला काहीतरी पाहिजे, बुवा.”

“आन् दुसऱ्या कुणाचं निघालं तर?”

हेमंत घुटमळला.

“... तर विकीन.”

“खरं बोललास,” बुवा म्हणाले आणि त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

मठीमागच्या नदीला पाणी नव्हतं. मठीच्या दारातल्या घंटेचा लोळा मागंच कुणीतरी काढून नेला होता आणि बुवांनी दुसरा बसवला नव्हता. आत घड्याळही नव्हतं. लोक याचं कौतुक करत, घड्याळजीच्या घरात घड्याळ नाही म्हणून. बुवांना ते कौतुक आवडत नसे.

ते उठले. एक पत्र्याचा डबा त्यांनी पायानं टेबलापाशी ओढला आणि त्यावर बसले. पाठ वाकवली. दोन्ही कोपरं टेबलावर टेकली आणि डोळ्याला भिंग लावल्यासारखी मान खाली घातली. एवढ्या वर्षांनीसुद्धा अंगाला ती बैठक पाठ होती.

कोपरं घसरली.

त्यांनी परत टेकली. परत घसरली.

“घसरतंय,” ते म्हणाले.

“पॉलिश आहे ना. नवीन आहे, बसेल हळूहळू.”

“हितं खळगं हुतं.” बुवा फळीवर तळवा फिरवत होते. “तिघांच्याबी टेबलाला हुतं. कोपरांचं.”

“होते की! दोन होते.” हेमंत उत्साहानं पुढं सरला. “मिस्त्री म्हणाला, पुट्टी भरून घेतो. मी म्हटलं, भरलेलं कुठंही दिसून येतं. दोन सूत, पाव इंचभर, रंधा मार आणि फळी सपाट करून टाक. बघा आता, कळतंय का कुठं? कुणाच्या बापाला...”

तो थांबला.

बुवांचा हात फळीवर तसाच होता.

“कशापायी?” त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर हेमंतला सोपं गेलं असतं.

“डाग असला की गिऱ्हाईक...”

“गिऱ्हाईक कुठंय?”

गिऱ्हाईक नव्हतंच. माल आला की आधी रंध्याखाली जातो, ही त्याच्या कारखान्याची रीत होती. तीस वर्षांत त्याला कधी तोंडानं सांगावंही लागलं नव्हतं. या खेपेला मात्र तो मिस्त्रीपाशी स्वतः उभा राहिला होता. नीट कर, म्हणाला होता. घरचं आहे.

“तुमच्यासमोर आणायचं होतं,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “अण्णांचं म्हणून आणायचं होतं. तसंच घाणेरडं कसं आणणार?”

बुवांनी फळीवरचा हात उचलला.

“आता नाही का सांगता येणार?” हेमंतनं विचारलं. “खालून बघा. खण काढून देतो. पायांवर काही खूण असेल...”

“पायाकडं कोण बघतंय? मी काय टेबलाखाली बसत हुतो?”

“मग... संपलंच म्हणायचं.”

“खळगं तू बघितलं हुतंस का मिस्त्रीनं?”

“मी.”

“दोन्ही सारखं हुतं?”

हेमंतनं डोळे मिटले. टेबल घेताना त्यानं ते खळगे एक खोट म्हणून बघितले होते, किंमत पाडून मागायला बरी म्हणून. त्यावर अंगठा फिरवून तो भंगारवाल्याला नावं ठेवत होता. आता तोच अंगठा तो हवेत हळूहळू फिरवू लागला.

“नाही,” तो म्हणाला. “सारखे नव्हते. बसणाऱ्याच्या उजव्या अंगाला होता तो नुसता हाताला लागायचा. डावा खोल होता. डाव्यात अंगठा बसत होता माझा.”

“नक्की?”

“नक्की, बुवा. डावा खोल. त्याच्यामुळंच तर दोन सूत खाली जावं लागलं.”

बुवांनी दोन्ही कोपरं परत फळीवर टेकवली.

“आमी तिघंबी दोन्ही कोपरं टेकून काम करायचो,” ते म्हणाले. “कामानं झिजतंय ते दोन्ही अंगाला सारखं झिजतंय.”

“मग डावा का खोल?”

“त्यो काम नसताना.”

बुवांनी उजवा हात मांडीवर घेतला. डावं कोपर टेबलावर टेकलं, तळव्यात हनुवटी धरली आणि मठीच्या फाटकाकडं तोंड केलं. तसेच बसून राहिले. फाटकात कुणी नव्हतं. एक कुत्रं आलं आणि आत न येताच पुढं गेलं.

हेमंत बघत होता. त्याला आधी काही कळलं नाही. मग कळलं.

“कधीपासून?” त्यानं विचारलं.

“तू गेल्यापासनं. हातातलं घड्याळ झालं की रंगनाथ असा बसायचा. दुसरं घ्यायच्या आधी. पुढं पुढं घड्याळंच येईनात, मग दिवसभर. मी दुकान सोडून हितं आलो तवाबी असाच हुता.”

“दाराकडं बघत?”

“दाराकडं बघत.”

“आणि तुमचं? कादरचाचांचं?”

“आमची सपाट नव्हती, पर दोन्ही अंगानं सारखी हुती.” बुवांनी हनुवटी उचलली. “आमची पोरं घरी हुती.”

हेमंतनं टेबलाच्या डाव्या कडेवर हात ठेवला. थंड, गुळगुळीत, जराही उंच-सखल नाही. त्याच्या मिस्त्रीसारखा रंधा पुण्यात दुसरा कुणी मारत नाही. तो हात मागं-पुढं, मागं-पुढं फिरवत राहिला, जसं काही कुठं तरी थोडंसं राहून गेलं असेल.

राहिलं नव्हतं.

“मला कुणी सांगितलं का नाही?” तो ओरडला. “तुम्ही एक कार्ड टाकलं असतंत...”

“मीच त्येला इचारलं हुतं, बोलवू का पोराला. न्हाई म्हणाला.”

“मग बघत कशाला होते?”

बुवांनी खांदे उडवले. “त्येलाच इचारायचं हुतंस.”

हेमंत रडला. पन्नाशी उलटलेला माणूस रडतो तसा, आवाज दाबून, नाक पुशीत. हमाल टेम्पोपाशी विड्या ओढत होते, त्यांनी तोंड फिरवलं. टेबल अण्णांचंच होतं. जे विचारायला आला होता ते उत्तर मिळालं होतं. आणि टेबलात आता सागाशिवाय काही उरलं नव्हतं.

“मी त्यांच्या नावानं पाणीसुद्धा घेतलं नाही डोक्यावरून,” तो म्हणाला. “भावानं फोन ठेवला, मी दुकान उघडलं. आता वर्ष होत आलं. आता घेऊन तरी काय...”

बुवा डब्यावरून उठले. सावकाश जाऊन सुपापाशी बसले. तूर पुढं ओढली.

“रंध्याचा भुसा काय केलास?” त्यांनी विचारलं.

“काय?”

“दोन सूत काढलंस. पाटीभर निघाला असंल.”

“भुसा?” हेमंतनं डोळे पुसले. “आमच्याकडे न्हाणीत पाणी तापवायचा तांब्याचा बंब आहे. कारखान्यातला भुसा रोज त्यात जातो.”

“ह्योबी गेला?”

“... हो. दुसऱ्या दिवशी सकाळी.”

“घातला कुणी?”

“मीच.”

“आन् त्या पाण्यानं अंघोळ कुणी केली?”

हेमंतचा एक हात अजून टेबलावर होता. तो त्यानं सावकाश उचलला आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवला.

“मी,” तो म्हणाला.

बुवांनी एक खडा चिमटीत धरला, डोळ्यांजवळ नेला, बघितला आणि टाकला.

“मग घेतलंस की पाणी,” ते म्हणाले. “तापवूनबी त्येनंच दिलं.”