कासवाचं राहिलेलं प्रशिक्षण

प्राणी सह्या करायचे, तेव्हाची गोष्ट. जंगलातली पिल्लं हडकली होती, म्हणून अस्वलीण त्यांना खिचडी रांधायची आणि माकड लाकडं आणायचं. पुढे दोघं बगळ्याकडून व्यवस्थापन शिकून आली.

“मी आता फक्त देखरेख करणार,” अस्वलीण म्हणाली.

“मी तुझ्या देखरेखीवर देखरेख करणार,” माकड म्हणालं.

“आणि खिचडी?” सशीण म्हणाली. “माझी पोरं कालपासून उपाशी आहेत.”

“तिचा आढावा शुक्रवारी,” दोघं म्हणाली.

त्याच प्रशिक्षणाला निघालेलं कासव एव्हाना जेमतेम चुलीपर्यंत पोचलं होतं. “कासवभाऊ, जरा ढवळता का?” म्हणत सशिणीने त्याला पळी दिली. पोरं पोटभर जेवली.

लगेच कासवाला हुकूम आला: प्रशिक्षण बाकी आहे, तातडीने निघा.

कासव आज्ञाधारक, रोज सकाळी निघतं. दुपारी सशीण त्याला उचलून परत चुलीपाशी ठेवते.